दुसऱ्या अलेक्झांडरची कारकीर्द अभ्यासताना : तारखांपासून हप्त्यांपर्यंत

रशियाचा सम्राट दुसरा अलेक्झांडर याच्याविषयी निबंध लिहावयाचा किंवा व्याख्यान द्यावयाचे ठरले, की दोन चित्रे आयतीच हाताशी येतात : १८६१ साली भूदासांना, म्हणजे जमीनदाराच्या मालकीच्या शेतकऱ्यांना, मुक्त करणारा उदार राजा आणि १८८१ साली बॉम्बला बळी पडलेला दुर्दैवी राजा. ही दोन चित्रे शेजारी शेजारी टांगली, की मधली वीस वर्षे प्रजेच्या कृतघ्नतेची कहाणी होऊन बसतात, आणि बहुतेक मांडण्या तिथेच फसतात. ती वीस वर्षे नीट वाचावयाची असतील तर त्या काळातील प्रत्येक सुधारणेला एकच प्रश्न विचारत जावे : हा कायदा झाल्यानंतर शेवटचा शब्द कोणाचा राहिला? हा प्रश्न कुठे आणि कसा विचारावा, त्यासाठी कोणती टिपणे काढावीत आणि कोणत्या गोष्टींवर वेळ दवडू नये, हे पुढे सांगितले आहे.

आधी नावे आणि तारखा

रशियात अलेक्झांडर नावाचे तीन सम्राट झाले. नेपोलियनशी लढलेला पहिला (१८०१ ते १८२५), आपला दुसरा (१८५५ ते १८८१) आणि त्याचा मुलगा तिसरा (१८८१ ते १८९४). ग्रंथालयातील सूचीत किंवा जुन्या लेखांत नुसते ‘झार अलेक्झांडर’ एवढेच आढळले, तर वर्ष पाहिल्याशिवाय टिपण घेऊ नये. पितृनाम दिलेले असेल तर काम सोपे होते : पहिला पावलोविच, दुसरा निकोलायेविच, तिसरा अलेक्झांड्रोविच. पदवीविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पीटरने १७२१ मध्ये ‘इंपेरातर’ म्हणजे सम्राट ही पदवी धारण केली आणि तेव्हापासून तीच अधिकृत होती. लोकांच्या तोंडी मात्र ‘त्सार’ राहिले. मराठीत ‘झार’ इतके रुळले आहे की ते बदलण्याचा अट्टहास करण्याचे कारण नाही.

तारखांचा घोळ याहून मोठा आहे. रशियात १९१८ च्या फेब्रुवारीपर्यंत जुनी ज्युलियन कालगणना चालू होती, आणि एकोणिसाव्या शतकात ती आपल्या परिचयाच्या कालगणनेच्या बारा दिवस मागे होती. त्यामुळे सम्राटाच्या हत्येची तारीख एका पुस्तकात १ मार्च १८८१ अशी, तर दुसऱ्यात १३ मार्च अशी मिळते आणि दोन्ही बरोबर असतात. टिपणवहीत पानाच्या कडेला दोन रकाने आखावेत, जुनी तारीख एकात आणि नवी दुसऱ्यात लिहावी. या लेखात रशियातील घटनांच्या तारखा जुन्या कालगणनेप्रमाणे दिल्या आहेत, आणि जिथे तसे नाही तिथे ते सांगितले आहे. हे काम कंटाळवाणे खरे, पण त्यातून काही धागे आपोआप हाती येतात. उदाहरणार्थ, भूदासमुक्तीच्या जाहीरनाम्यावर १९ फेब्रुवारी १८६१ रोजी सही झाली, आणि तुर्कस्तानशी सान स्तेफानोचा तह झाला तोही १९ फेब्रुवारीलाच, १८७८ साली.

सुरुवात १८६१ पासून करू नये

पुष्कळ लेखक थेट जाहीरनाम्याकडे धाव घेतात, आणि मग तो सम्राटाच्या कोमल मनाचा परिणाम वाटू लागतो. अलेक्झांडरचा जन्म १८१८ साली मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये झाला, आणि कवी वासिली झुकोव्स्की हा त्याचा शिक्षक होता, हे खरे आहे. १८३७ साली वारस म्हणून त्याने साम्राज्याचा लांबलचक दौरा केला, तो सायबेरियापर्यंत गेला आणि तिथे हद्दपारीत दिवस काढणाऱ्या डिसेंबरवाद्यांसाठी, म्हणजे १८२५ च्या डिसेंबरातील उठावातील बंडखोरांसाठी, त्याने वडिलांकडे, सम्राट निकोलसकडे, रदबदली केली, हेही खरे. पण १८४० च्या दशकात निकोलसने भूदासप्रथेवर नेमलेल्या गुप्त समित्यांत हाच वारस बसत असे, तेव्हा त्याचा कल जमीनदारांच्या बाजूने होता. ज्या माणसाने तेव्हा बदलाला हात लावला नाही, त्याने गादीवर येताच तो का हाती घेतला, याचे उत्तर शिक्षणात नव्हे तर क्रिमियात शोधावे लागते.

१८५५ च्या फेब्रुवारीत निकोलस वारला तेव्हा क्रिमियन युद्ध चालू होते. त्याच वर्षी क्रिमियातील सेवास्तोपोल हे बंदर पडले, आणि १८५६ च्या पॅरिस तहाने काळ्या समुद्रात आरमार ठेवण्याचा हक्क रशियाला गमवावा लागला. हा पराभव आणि भूदासप्रथा यांचा सांधा कुठे आहे, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. रशियन सैनिकाची नोकरी पंचवीस वर्षांची असे, आणि भूदास सैन्यात भरती झाला की तो धन्याच्या ताब्यातून कायमचा सुटे. शांततेच्या काळात लहान खडे सैन्य ठेवावे आणि युद्ध आले की प्रशिक्षित राखीव माणसे बोलवावीत, ही पद्धत रशियाला परवडण्यासारखी नव्हती, कारण थोड्या वर्षांच्या नोकरीनंतर माणसे घरी पाठवावयाची म्हणजे दरवर्षी हजारो भूदास मोकळे करावयाचे. दमित्री मिल्यूतिन याने १८५६ साली हे लेखी मांडले. पुढे १८६१ ते १८८१ अशी वीस वर्षे तोच युद्धमंत्री होता. त्याच वर्षी मॉस्कोच्या उमरावांपुढे बोलताना सम्राट म्हणाला की भूदासप्रथा खालून आपोआप मोडण्याची वाट पाहण्यापेक्षा ती वरून मोडलेली बरी. या वाक्याचा उतारा सगळेच देतात, पण त्यातील ‘वरून’ या शब्दाखाली रेघ मारून ठेवावी.

हप्त्यांचा हिशेब स्वतः मांडावा

मुक्तीचा कायदा समजून घेण्याचा उत्तम मार्ग म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन एका शेतकऱ्याचा हिशेब मांडणे. त्याआधी तीन-चार शब्द मनाशी पक्के करावेत. ‘बार्शीना’ म्हणजे धन्याच्या शेतावरची वेठ. ‘ओब्रोक’ म्हणजे वेठीऐवजी दरसाल रोख भरावयाचा खंड. ‘मीर’ म्हणजे जमीन सामाईक धरणारा आणि कर सामाईक भरणारा गावसमुदाय. आणि ‘सोडवणूक’ हा आपला जुना, गहाणखतातला शब्द इथे नेमका बसतो, कारण शेतकऱ्याला आपली जमीन फुकट मिळाली नव्हती, ती त्याने सोडवून घ्यावयाची होती.

समजा, एक शेतकरी दरसाल १० रूबल खंड भरत होता. कायद्याने त्या खंडाला सहा टक्के व्याज मानून त्यामागचे मुद्दल काढले : १६६ रूबल ६७ कोपेक (शंभर कोपेकांचा एक रूबल). हे मुद्दल म्हणजे जमिनीची किंमत. पूर्ण आकाराचा तुकडा असेल तर यातील ८० टक्के, म्हणजे १३३ रूबल ३३ कोपेक, सरकार जमीनदाराला रोख्यांच्या रूपात देई आणि उरलेले ३३ रूबल ३४ कोपेक शेतकऱ्याने स्वतः द्यावयाचे असत. सरकारचे पैसे त्याने दरसाल सहा टक्क्यांनी, म्हणजे ८ रूबल, अशा ४९ वर्षांच्या हप्त्यांत फेडावयाचे. आता गुणाकार करावा : ८ गुणिले ४९ म्हणजे ३९२ रूबल.

या आकड्याने भारावून लगेच निष्कर्ष काढू नये. दरसालचा बोजा १० वरून ८ वर आला, हेही त्याच कागदावर दिसते आणि ते प्रामाणिकपणे नोंदवावे. खरी मेख दुसरीकडे आहे. उत्तरेकडील नापीक प्रांतांत १० रूबल खंड जमिनीतून निघतच नसे. शेतकरी हिवाळ्यात शहरात सुतारकाम, गाडीवानी करून तो भरत असे. म्हणजे खंडाचे मुद्दल करून जी किंमत काढली ती जमिनीची नसून त्याच्या अंगमेहनतीची होती, आणि अंगमेहनतीवरचा धन्याचा हक्क तर कागदोपत्री विनामोबदला रद्द झाला होता. दक्षिणेकडील काळ्या सुपीक मातीच्या पट्ट्यात उलट प्रकार झाला. तिथे जमीनच मोलाची, म्हणून शेतकरी आधी कसत असलेल्या तुकड्यातून जमीनदारांनी भाग कापून घेतले. या कापलेल्या भागांना ‘ओत्रेझ्की’ म्हणत. कुरण, पाणवठा, झाडोरा असलेला भाग बहुधा त्यातच जाई आणि मग त्याच्या वापरासाठी शेतकऱ्याला पुन्हा धन्याच्या दारी जावे लागे. प्रांताप्रांतातील हा फरक न दाखवता ‘रशियन शेतकरी’ असा एकवचनी उल्लेख करणारे टिपण फाडून टाकलेले बरे.

दुसऱ्या बाजूचीही वही उघडावी. मुक्तीच्या आधी खासगी मालकीच्या भूदासांपैकी जवळपास दोन तृतीयांश भूदास त्यांच्या धन्यांनी सरकारी पतसंस्थांकडे गहाण टाकलेले होते. माणसे गहाण टाकता येत होती, एवढ्या एका गोष्टीवर व्याख्यानात थांबावे. श्रोत्यांना त्या प्रथेचे स्वरूप पानभर वर्णनापेक्षा यातून अधिक कळते. सोडवणुकीची रक्कम जमीनदारांना देताना सरकारने ही जुनी कर्जे कापून घेतली, म्हणून कागदावर गब्बर झालेल्या पुष्कळ उमरावांच्या हाती प्रत्यक्षात थोडेच पडले.

आणि आता आपला प्रश्न. शेतकरी धन्याच्या हातून सुटला तो कोणाच्या हाती गेला? मीरच्या. हप्त्यांची जबाबदारी एकट्यादुकट्याची नसून सगळ्या गावाची होती, त्यामुळे एकजण गाव सोडून गेला की त्याचा भार उरलेल्यांवर पडे आणि साहजिकच गाव त्याला सहजासहजी जाऊ देत नसे. बाहेरगावी कामाला जाण्यासाठी लागणारा परवाना गावच्याच संमतीने मिळत असे. सुमारे २ कोटी ३० लाख भूदासांना लग्न करण्याचा, मालमत्ता घेण्याचा, कोर्टात जाण्याचा हक्क मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. पण पहिली दोन वर्षे जुनीच वेठ आणि जुनाच खंड चालू राहणार होता, आणि त्यानंतरही सोडवणुकीचा करार होईपर्यंत शेतकरी धन्याशी ‘तात्पुरता बांधील’ राहणार होता. हे ‘तात्पुरते’ कित्येकांच्या बाबतीत वीस वर्षे टिकले.

जाहीरनामा ५ मार्च १८६१ रोजी चर्चमधून वाचून दाखवण्यात आला. मेट्रोपॉलिटन (वरिष्ठ धर्माध्यक्ष) फिलारेत याने तयार केलेली त्याची धर्मग्रंथी भाषा शेतकऱ्यांना नीट उमगली नाही. कझान प्रांतातील बेझ्द्ना या गावी अंतोन पेत्रोव नावाच्या साक्षर शेतकऱ्याने कायद्याचे जाडजूड पुस्तक स्वतः वाचले आणि खरी, संपूर्ण मुक्ती त्यात आहे पण अधिकारी ती दडवत आहेत, असा अर्थ लोकांना सांगितला. हजारो लोक जमले, सैन्याने गोळीबार केला, अनेक शेतकरी ठार झाले आणि पेत्रोवलाही गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. झार देतो आणि उमराव अडवतात, ही शेतकऱ्यांची श्रद्धा समजून घेण्यासाठी बेझ्द्नाएवढे दुसरे चांगले उदाहरण नाही.

बाकीच्या सुधारणा किती खोलात पाहाव्यात

१८६३ चा विद्यापीठ कायदा, १८६५ चे सेन्सॉरचे नियम, १८७० चा नगरपालिका कायदा यांची एका ओळीत नोंद पुरे. १८७४ ची सक्तीची लष्करभरती थोडी अधिक जागा मागते, कारण तीत उमरावाचा मुलगा आणि शेतकऱ्याचा मुलगा प्रथमच एका नियमाखाली आले, प्रत्यक्ष नोकरी सहा वर्षांवर आली आणि शिक्षणाप्रमाणे ती आणखी कमी होत गेली. १८५६ साली मिल्यूतिनने मांडलेले गणित इथे पूर्ण झाले.

वेळ घालवावा तो १८६४ वर. त्या वर्षी दोन संस्था जन्मल्या. पहिली झेम्स्त्वो, म्हणजे जिल्हा आणि प्रांत पातळीवरची निवडलेली मंडळे. त्यांनी शाळा काढल्या, रस्ते बांधले आणि खेड्यांत डॉक्टर नेले. पण त्यांच्यावर प्रांताच्या गव्हर्नरची देखरेख होती आणि सबंध देशाची एक मध्यवर्ती झेम्स्त्वो स्थापण्यास मुभा नव्हती. १८६२ साली त्वेर प्रांतातील उमरावांनी आपले विशेष हक्क सोडण्याची तयारी दाखवून लोकप्रतिनिधींची सभा मागितली, तेव्हा त्यातील तेरा जणांना अटक झाली. १८६५ च्या जानेवारीत मॉस्कोच्या उमरावांनी तशीच मागणी केली, तेव्हा सुधारणांचा आरंभ करण्याचा अधिकार आपल्या एकट्याचा आहे, असे सम्राटाने लेखी कळवले. या उत्तराची तारीख टिपणवहीत ठळक लिहावी : २९ जानेवारी १८६५. आपल्या प्रश्नाचे उत्तर खुद्द सम्राटाने इथे दिले आहे.

दुसरी संस्था म्हणजे नवी न्यायालये : उघडी सुनावणी, वकील, सहजासहजी काढता न येणारे न्यायाधीश आणि ज्यूरी. त्या काळच्या रशियात हे अचंबित करणारे होते. २४ जानेवारी १८७८ रोजी व्हेरा झासुलिच हिने पीटर्सबर्गचा नगरप्रमुख त्रेपोव याच्यावर गोळी झाडली, कारण त्याने एका राजकीय कैद्याला फटके मारविले होते. तिने गुन्हा नाकारला नाही, तरीही ३१ मार्चला ज्यूरीने तिला निर्दोष सोडले. (ज्यूरी म्हटले की मराठी वाचकाला १९०८ चा टिळकांवरील खटला आणि तिथला सात विरुद्ध दोन असा निकाल आठवतो, तुलना करण्याचा मोह होईल, पण दोन्हीकडे ज्यूरीत कोण बसले होते हे आधी पाहावे.) झासुलिचच्या सुटकेनंतर काही महिन्यांतच अधिकाऱ्यांवरील हल्ल्यांचे खटले ज्यूरीकडून काढून लष्करी न्यायालयांकडे देण्यात आले. सरकारने स्वतः उभारलेली संस्था स्वतंत्रपणे वागली आणि सरकारने तिच्यापुढचे ताट ओढून घेतले. या कारकिर्दीचा स्वभाव एकाच घटनेतून दाखवावयाचा झाला, तर मी हाच खटला निवडेन.

नकाशा शेजारी ठेवावा

पीटर्सबर्गमध्ये बसून हा सम्राट एक दिसतो आणि साम्राज्याच्या कडांवरून दुसराच. १८६३ साली फिनलंडची विधानसभा अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर पुन्हा भरली. हेलसिंकीच्या सिनेट चौकात त्याचा पुतळा आजही उभा आहे. त्याच १८६३ साली पोलंडमध्ये उठाव झाला आणि तो निर्दयपणे चिरडण्यात आला. विल्नाचा गव्हर्नर जनरल मुराव्योव याला ‘फाशी देणारा’ हे नाव तेव्हापासूनच चिकटले. युक्रेनियन भाषेतील पुस्तकांवर १८६३ आणि १८७६ साली बंधने आली. कॉकेशसचे युद्ध १८६४ मध्ये संपले आणि चेर्केस लोकांना मोठ्या संख्येने आपली भूमी सोडून ऑटोमन साम्राज्यात जावे लागले. बल्गेरियात मात्र तुर्कस्तानशी झालेल्या १८७७-७८ च्या युद्धामुळे अलेक्झांडर आजही ‘झार मुक्तिदाता’ आहे. ‘मुक्तिदाता’ हे बिरुद वापरताना ते कोणत्या गावचे, हे लिहिणाऱ्याने सांगावे.

मध्य आशियाचा भाग आपल्या वाचकासाठी विशेष जवळचा आहे. ताश्कंद १८६५, समरकंद १८६८, खिवा १८७३, कोकंद १८७६ अशी रशियाची सरहद्द खाली सरकत गेली, तशी कलकत्ता आणि लंडनमधील धास्ती वाढत गेली. १८७८ साली जनरल स्तोल्येतोव याचे शिष्टमंडळ काबूलला पोहोचले आणि त्याचे निमित्त होऊन दुसरे अफगाण युद्ध पेटले. त्यातील मैवंदच्या लढाईत, नव्या कालगणनेप्रमाणे २७ जुलै १८८० रोजी, मुंबई इलाख्याच्या फौजेतील ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स या पलटणींची मोठी प्राणहानी झाली. अलेक्झांडरच्या धोरणाचा आपल्याकडच्या माणसांशी थेट संबंध शोधणाऱ्याने तो इथे शोधावा. अलास्काच्या विक्रीला (१८६७, ७२ लाख डॉलर) एक वाक्य पुरते.

शेवटची वर्षे

खासगी आयुष्याविषयी संयम बाळगावा. १८८० च्या मे महिन्यात सम्राज्ञी मारिया वारली आणि जुलैत, दोन महिनेही लोटले नसताना, सम्राटाने कात्या दोल्गोरुकोवा हिच्याशी विवाह केला. वारसाशी आलेले वितुष्ट समजण्यापुरते हे सांगावे. या प्रेमकथेत शिरलेला वक्ता वेळेत बाहेर पडलेला मी तरी अजून ऐकलेला नाही.

सम्राटावरील हल्ल्यांची यादी मात्र क्रमाने करावी, कारण तीत बदल दिसतो. १८६६ मध्ये काराकोझोव हा जवळजवळ एकटाच माणूस पिस्तूल घेऊन आला. १८७९ मध्ये ‘नारोद्नाया वोल्या’ (लोकेच्छा) ही शिस्तबद्ध क्रांतिकारी संघटना उभी राहिली; तिने रेल्वेखाली सुरुंग पेरले आणि ५ फेब्रुवारी १८८० रोजी सुतार म्हणून राजवाड्यात शिरलेल्या स्तेपान खाल्तुरिनकरवी भोजनगृहाखाली स्फोट घडवला. पाहुण्याला उशीर झाला म्हणून सम्राट वाचला आणि पहाऱ्यावरील अकरा सैनिक मेले. १८७४ साली शेतकऱ्यांना शहाणे करण्यासाठी खेड्यापाड्यांत गेलेली तरुण मुले मधल्या काळात तुरुंगांतून आणि खटल्यांतून जाऊन आली होती, हे या दोन टोकांच्या मध्ये लिहावे.

स्फोटानंतर सम्राटाने जनरल लोरिस-मेलिकोव याच्या हाती विलक्षण अधिकार दिले. त्याने कुप्रसिद्ध ‘तिसरा विभाग’, म्हणजे गुप्त पोलिसांचे खाते, बंद केला आणि एक योजना आखली. या योजनेला ‘संविधान’ म्हणण्याची चूक सर्रास होते. झेम्स्त्वो आणि शहरे यांच्या निवडलेल्या प्रतिनिधींनी काही विधेयकांवर सल्ला द्यावा, एवढेच तिचे स्वरूप होते. सल्ला मानणे न मानणे सम्राटाच्याच हाती राहणार होते. १ मार्च १८८१ च्या सकाळी सम्राटाने ती मान्य केली आणि दुपारी कवायतीहून परतताना कॅथरीन कालव्याच्या काठी ‘नारोद्नाया वोल्या’च्या रिसाकोवचा पहिला बॉम्ब गाडीवर पडला. सम्राट गाडीतून उतरून जखमींकडे वळला आणि ग्रिनेवित्स्कीच्या दुसऱ्या बॉम्बने त्याचे दोन्ही पाय चिरडले. त्याच दुपारी हिवाळी राजवाड्यात त्याने प्राण सोडला. पुण्यात ‘केसरी’ सुरू होऊन तेव्हा सव्वादोन महिनेच झाले होते, एवढे सांगितले की मराठी श्रोत्याला काळ पटकन लागतो. नव्या सम्राटाने ८ मार्चच्या बैठकीनंतर ती योजना बाजूला सारली आणि २९ एप्रिलच्या जाहीरनाम्याने अनियंत्रित सत्तेचा पुन्हा उच्चार केला.

मांडणी मात्र इथे संपवू नये. हत्येवर पडदा टाकला की गोष्ट राजाची राहते आणि तो ३९२ रूबलांचा शेतकरी वहीतच राहून जातो. जमीन सोडवून घेणे सक्तीचे करणारा कायदा १८८१ च्या अखेरीस, म्हणजे अलेक्झांडरच्या मुलाच्या कारकिर्दीत झाला. थकबाकी साचत गेली. १९०५ साली खेड्यापाड्यांत जमीनदारांचे वाडे पेटू लागले, तेव्हा दुसऱ्या अलेक्झांडरच्या नातवाला, दुसऱ्या निकोलसला, हप्ते आधी निम्मे करून मग रद्द करण्याची घोषणा करावी लागली. कालपटावर शेवटची खूण तिथे करावी, जिथे शेतकऱ्याने भरावयाचा हप्ता थांबला : १ जानेवारी १९०७.